न पुसता येणाऱ्या वहीत काय लिहावं?

वर्धा नदीच्या काठावर, मुंबई–हावडा लोहमार्गावर वसलेल्या पुलगावात ओळख पटवण्याच्या दोन अगदी वेगळ्या जागा आहेत. एक आहे गावालगतच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराचं फाटक. देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा साठ्यांपैकी हा एक. ३१ मे २०१६ च्या पहाटे इथे आग लागून स्फोट झाले, तेव्हा आसपासची गावं हादरली होती. अशा ठिकाणी आत जाणारा माणूस कोण, कुठला आणि कशासाठी आला, हे पहाऱ्यावरच्या जवानाला पुरतं कळायलाच हवं.

दुसरी जागा म्हणजे आपले सरकार सेवा केंद्राचा काउंटर. दहावी-बारावीचे निकाल लागले की तिथे रांग लागते. हातात प्लास्टिकची फाईल. फायलीत स्वतःचा टीसी, वडिलांचा टीसी, आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल, कोतवाल बुकाचा उतारा, रेशनकार्ड, आधार, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि प्रत्येकाच्या तीन-चार झेरॉक्स. अर्ज वर्ध्याच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे जातो. पुढे व्हॅलिडिटीसाठी जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे जावं लागतं, आणि अनुसूचित जमातीचा दावा असेल तर नागपूरच्या समितीकडे. एवढं करून कॉलेजला जाणून घ्यायचं असतं ते एकच: हा विद्यार्थी या राखीव जागेला पात्र आहे का? उत्तर हो किंवा नाही. पण त्या एका उत्तरासाठी तीन पिढ्यांचे कागद टेबलावर मांडावे लागतात, आणि त्यांच्या प्रती कुठे, कोणाच्या कपाटात, किती वर्षं राहतात, याचा हिशेब विद्यार्थ्याला कोणी देत नाही.

ब्लॉकचेनच्या आधारे ओळख पडताळण्याची जी व्यवस्था जगभर उभी राहते आहे, तिचा दावा या दुसऱ्या जागेशी संबंधित आहे. कागद खरा आहे हे क्षणात कळेल आणि नको ती माहिती उघडी पडणार नाही, असा तो दुहेरी दावा. यातला पहिला भाग विदर्भातच तपासून पाहिला गेला आहे. दुसरा अजून आपल्याकडे यायचा आहे, आणि जास्त लक्ष त्याच्याकडेच द्यायला हवं.

एटापल्लीचे ६५ हजार दाखले

मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागाने ६५ हजार जात प्रमाणपत्रं ब्लॉकचेनशी जोडण्याचा उपक्रम हाती घेतला. राज्याच्या ऑनलाइन सेवा चालवणाऱ्या महाऑनलाइनच्या व्यवस्थेला लेजिटडॉक या कंपनीचं तंत्र जोडलं गेलं, आणि साखळी निवडली ती पॉलिगॉनची. पॉलिगॉन ही परदेशातून आयात केलेली गोष्ट नव्हे; २०१७ मध्ये मॅटिक या नावाने भारतीय तरुणांनी ती सुरू केली आणि तिच्या चाचणी-जाळ्याचं नाव बराच काळ ‘मुंबई’ असंच होतं. त्याआधी २०२१ मध्ये राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने पदविका प्रमाणपत्रांसाठी याच लेजिटडॉकमार्फत इथेरियम ही साखळी वापरायला घेतली होती.

एटापल्ली हा माडिया गोंडांचा, जंगलाचा आणि विरळ मोबाइल सिग्नलचा मुलूख. तिथल्या मुलाला वसतिगृह, शिष्यवृत्ती, नोकरी यांतलं काहीही मिळवायचं तर जातीच्या दाखल्यावाचून गत्यंतर नाही. आणि हाच दाखला खोटा करून राखीव जागा लाटण्याचा उद्योग महाराष्ट्रात जुना आहे. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची चौकट घालून दिली, ती महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणावर. त्यावर राज्याचा कायदा झाला आणि ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितलं की, दाखला अवैध ठरला तर त्याच्या जोरावर मिळवलेली नोकरी आणि प्रवेश टिकणार नाहीत. त्यामुळे कागद बनावट आहे की अस्सल, हा प्रश्न इथे पोटापाण्याचा आहे. खोट्या दाखल्यावर बसलेला प्रत्येक माणूस कोणा खऱ्या हक्कदाराची जागा अडवून बसलेला असतो.

सोळा पायऱ्यांची पडताळणी

ब्लॉकचेन म्हणजे एकाच हिशेबाच्या वहीच्या हजारो प्रती, हजारो संगणकांवर, एकमेकींशी सतत ताळा करत असलेल्या. नव्या पानावर आधीच्या पानाचा ठसा असतो. मागचं एक अक्षर बदललं तरी पुढची सगळी पानं जुळेनाशी होतात. म्हणून या वहीत लिहिता येतं, पुसता येत नाही.

दाखला या वहीत चिकटवला जात नाही, निदान जाऊ नये. संगणक त्या दाखल्याच्या मजकुरावर एक गणिती प्रक्रिया करतो आणि त्यातून हॅश, म्हणजे ठसा, काढतो. नेहमी वापरली जाणारी एसएचए-२५६ ही पद्धत मजकूर एका ओळीचा असो की हजार पानांचा, त्यातून २५६ बिटांचा, म्हणजे ३२ बाइटचाच ठसा काढते. ‘देवळी’ तालुक्याच्या जागी ‘आर्वी’ केलं, तर संपूर्ण ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. ठशावरून मजकूर मात्र उलगडत नाही.

६५ हजार दाखल्यांसाठी ६५ हजार ठसे वहीत लिहायचीही गरज नसते. राल्फ मर्कल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडलेली युक्ती इथे कामी येते. दोन ठसे एकत्र करून त्यांचा एक ठसा काढायचा, अशा दोन जोड्यांचा पुन्हा एक, आणि असं करत वर जायचं. दोनाचा सोळावा घात ६५,५३६ होतो. म्हणजे एका उपविभागाचे ६५ हजार दाखले सोळा पायऱ्यांत एका शेंड्याच्या ठशाशी येऊन मिळू शकतात. सार्वजनिक साखळीवर लिहायचा तो फक्त हा ३२ बाइटचा शेंडा. दाखल्यावरच्या क्यूआर कोडमध्ये त्या दाखल्याचे वाटेतले सोळा ठसे, जेमतेम ५१२ बाइट, मावतात. पुण्यातल्या कॉलेजचा कारकून कोड स्कॅन करील, सोळा आकडेमोडी संगणक करील, आणि शेंडा जुळला की कागद अस्सल. एटापल्लीला फोन लावायला नको, तिथली वीज आणि नेटवर्क चालू असायलाही नको.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार डिजिटल सही चालतेच. डिजिलॉकर जुलै २०१५ पासून आहे. मग ब्लॉकचेन हवी कशाला? नुसता अस्सलपणा तपासायचा असेल तर डिजिटल सही पुरते, हे मान्यच करायला हवं. साखळी जे वेगळं देते ते म्हणजे तारखेचा पक्का पुरावा. १९९१ मध्ये स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांना नेमका हाच प्रश्न पडला होता: सही करणारा अधिकारीच मागची तारीख टाकील तर? त्यांनी दस्तऐवजांच्या ठशांची साखळी सुचवली आणि १९९५ पासून त्यांच्या कंपनीने दर आठवड्याचा ठसा ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये छोट्या जाहिरातीसारखा छापायला सुरुवात केली. छापून घरोघरी गेलेला अंक परत गोळा करून बदलणार कोण? बिटकॉइनच्या २००८ च्या मूळ लेखात या दोघांच्या कामाचा हवाला आहे. जिथे रजिस्टरात वेगळ्या शाईने मागाहून घुसवलेल्या नोंदींवरून खटले चालतात, त्या महाराष्ट्राला मागच्या तारखेचा हा प्रश्न नव्याने समजावून सांगायला नको.

साखळी जे सांगू शकत नाही

मात्र साखळीचं बळ इथे संपतं. कार्यालयातून बाहेर पडल्यावर दाखला बदलला गेला नाही, एवढंच ती सांगते. कार्यालयात जाताना त्यात खरं लिहिलं होतं का, हे तिला ठाऊक नसतं.

आणि महाराष्ट्रात खरी लढाई तिथेच आहे. जातीच्या दाव्यासाठी जुन्या नोंदी लागतात: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा आधार मागितला जातो. पुलगावच्या कापूस गिरणीत मजुरीसाठी दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबाला नातवाच्या दाखल्यासाठी आजोबांच्या मूळ गावाच्या शाळेत जावं लागतं ते यासाठीच. ते रजिस्टर वाळवीने खाल्लं असेल, तर जगातली कोणतीही साखळी ते पान परत आणून देणार नाही. यवतमाळ-वर्ध्याच्या पट्ट्यातल्या ज्या कोलाम पाड्यावर आजोबांच्या पिढीत कोणी शाळेतच गेलं नाही, तिथे तर मुळात नोंदच नसते.

कागद अपुरे पडले की समितीचं दक्षता पथक घरी येतं. कुलदैवत कोणतं, लग्नात काय विधी होतात, मयतीनंतर काय करतात, असे प्रश्न विचारले जातात. त्याला आप्तभाव चाचणी म्हणतात. मार्च २०२३ मध्ये आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात न्या. अभय ओक यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, ही चाचणी दाव्याची निर्णायक कसोटी मानता येणार नाही. देव, लग्न आणि मरण या माणसाच्या आयुष्यातल्या सर्वांत खाजगी गोष्टी. ओळख सिद्ध करायची म्हणून त्या सरकारी फायलीत जातात आणि तिथेच राहतात. अशा फायलींचं काय करायचं, याचं उत्तर कोणत्याही साखळीकडे नाही. ते कायद्याने आणि कार्यालयांनीच द्यायला हवं.

ठसाही बोलका असतो

आता दुसऱ्या दाव्याकडे, खाजगीपणाकडे. ‘साखळीवर फक्त ठसा आहे, माहिती नाही, म्हणून धोका नाही,’ असं हमखास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

आधार क्रमांक घेऊन हिशेब करता येतो. बारा आकडे, पहिला आकडा शून्य किंवा एक नसतो आणि शेवटचा आधीच्या अकरांवरून काढलेला तपासणीचा आकडा असतो. उरतात आठ हजार कोटी शक्यता. संख्या मोठी वाटते, पण आजचं एक चांगलं ग्राफिक कार्ड सेकंदाला शेकडो कोटी ठसे काढतं. म्हणजे कोणी नुसत्या आधार क्रमांकाचा ठसा सार्वजनिक साखळीवर टाकला, तर सगळे क्रमांक एकेक करून ताडून पाहणं हे सेकंदांचं, फार तर मिनिटांचं काम. जातीच्या दाखल्याचंही तसंच. गावाची मतदार यादी उघडपणे मिळते, जातींची अधिकृत यादी काही शेकड्यांत संपते. नाव, गाव आणि जात एवढ्याच मजकुराचा ठसा असेल, तर अंदाज बांधत बांधत तो फोडता येतो. म्हणून ठसा काढण्याआधी मजकुरात एक लांबलचक, यादृच्छिक संख्या मिसळावी लागते. तंत्रज्ञ तिला सॉल्ट म्हणतात. ती फक्त दाखलाधारकाकडे आणि दाखल्यात असते. ती मिसळली की अंदाज बांधणाऱ्याची वाट बंद होते. एका ओळीचा हा नियम पाळला की नाही, यावर हजारो कुटुंबांची सुरक्षितता अवलंबून राहते. आणि वही न पुसता येणारी असल्यामुळे चूक झालीच तर ती दुरुस्त करता येत नाही.

ही काळजी अनाठायी नाही. मे २०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेच्या अहवालाने दाखवून दिलं होतं की चार सरकारी संकेतस्थळांवरून मिळून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघड्यावर आलेले असू शकतात. कोणी कुलूप फोडलं नव्हतं. लाभार्थ्यांच्या याद्या पारदर्शकतेच्या नावाखाली जशाच्या तशा टांगल्या गेल्या होत्या. ती पानं निदान काढून तरी टाकता आली. सप्टेंबर २०२३ पासून न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा अनेक जिल्ह्यांनी सापडलेल्या जुन्या नोंदी संकेतस्थळांवर ठेवल्या. अर्जदाराची सोय झाली, पण त्याच पानावरच्या इतर नावांचाही जाता जाता बोभाटा झाला. अशा नोंदी उद्या कोणी उत्साहाने सार्वजनिक साखळीवर चढवल्या, तर त्या उतरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यालाही राहणार नाही.

कमी सांगून सिद्ध करणं

अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८५ मध्येच विचारलं होतं की, माणसाची ओळख न विचारता व्यवहार सुरक्षित का करता येऊ नये? त्याच वर्षी शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी शून्यज्ञान पुराव्याची कल्पना मांडली: एखादं विधान खरं आहे हे पटवून द्यायचं, पण त्यापलीकडे समोरच्याला काहीही कळू द्यायचं नाही. तेव्हा ते कोरं गणित होतं. आज मोबाइलवर चालतं.

पुलगावच्या विद्यार्थिनीच्या दाखल्यावर तिचं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, प्रवर्ग, यादीतला अनुक्रमांक, अधिकाऱ्याचं पद आणि सही एवढं सगळं असतं. कॉलेजला हवं असतं ते तीनच गोष्टींचं उत्तर: दाखला महाराष्ट्र शासनाचा आहे, प्रवर्ग अमुक आहे, आणि तो समोर उभ्या असलेल्या विद्यार्थिनीचाच आहे. पडताळणीयोग्य प्रमाणपत्रांचं जागतिक मानक डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं आणि मे २०२५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. या धर्तीच्या दाखल्यात प्रत्येक रकाना वेगळा उघडता येईल अशी सोय करता येते. प्रवर्ग दाखवायचा, जात झाकलेली ठेवायची. सही तरीही तपासता येते. वर्गात, वसतिगृहात, नोकरीच्या पहिल्या दिवशी जात जाहीर झाल्याने काय सोसावं लागतं, हे ज्यांनी सोसलं आहे त्यांना या सोयीचं मोल सांगावं लागणार नाही.

दाखला पुढे रद्द झाला तर? ठसा वहीत तसाच राहतो, म्हणून रद्द दाखल्यांची यादी निराळी ठेवावी लागते. यातही एक मेख आहे. कॉलेजने प्रत्येक वेळी उपविभागीय अधिकाऱ्याच्या कार्यालयाच्या सर्व्हरला ‘हा दाखला चालू आहे का?’ असं विचारलं, तर ती मुलगी कुठे कुठे अर्ज करते आहे हे कार्यालयाला कळत राहतं. त्यावरचा तोडगा साधा आणि सुंदर आहे. सगळ्या दाखल्यांची मिळून एकच यादी. प्रत्येक दाखल्याला एक बिट, शून्य म्हणजे चालू, एक म्हणजे रद्द. कॉलेज सगळी यादी एकदम उतरवून घेतं आणि हवा तो बिट स्वतः पाहतं. मानकानुसार यादीत किमान १,३१,०७२ जागा असतात, म्हणजे फक्त १६ किलोबाइट. एटापल्लीचे सगळे दाखले तिच्या निम्म्या भागात बसतील, आणि कोणता बिट पाहिला गेला हे एटापल्लीला कळणार नाही.

आठ लाखांच्या आसपास वस्तीच्या भूतानने २०२३ मध्ये राष्ट्रीय डिजिटल ओळखीचा कायदा करून कमी सांगून सिद्ध करण्याचा हा मार्ग धरला. युरोपीय संघाने मे २०२४ मध्ये लागू झालेल्या नियमाने प्रत्येक सदस्य देशाला २०२६ च्या अखेरपर्यंत नागरिकांना डिजिटल ओळखीचं पाकीट देणं बंधनकारक केलं, आणि हवा तेवढाच रकाना दाखवण्याची सोय त्यात असावीच लागेल.

किल्ली कोणाकडे?

अशा पाकिटाची एक गुप्त किल्ली असते, ती मोबाइलमध्ये राहते. ‘विकेंद्रित’ ओळखीचा सगळा डोलारा या किल्लीवर उभा आहे. मोबाइल हरवला, पोराने फॉर्मॅट मारला, तर किल्ली गेली. किल्लीची प्रत सेवा केंद्रचालकाकडे ठेवली, तर ओळख त्याच्या हाती गेली. एका घरात एकच स्मार्टफोन आणि तो बाहेरगावी कामाला गेलेल्या माणसाकडे, ही परिस्थिती कोणतंही ॲप आखताना धरून चालावी लागते. म्हणून विदर्भातल्या गावांसाठी कागदावरचा क्यूआर कोड हा मागासलेपणा नाही. तीच खरी मजबूत बाजू आहे. कागद हरवला तर कार्यालय दुसरा देऊ शकतं, आणि किल्ली कोणाच्या मोबाइलमध्ये अडकून पडत नाही. कागदावर प्रवर्गापुरता एक आणि संपूर्ण दाखल्याचा एक, असे दोन वेगळे चौकोन छापणंही शक्य आहे. कॉलेजपुढे पहिला धरायचा, पडताळणी समितीपुढे दुसरा.

मर्यादा घालायची ती आत्ता

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या घटनापीठावर नागपूरचे न्या. शरद बोबडे होते आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. मुख्य निकाल न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला. सरकारला माहिती मागायची तर त्यामागे कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि मागणी हेतूच्या प्रमाणात हवी, ही कसोटी तिथे पक्की झाली. दारूगोळा भांडाराच्या फाटकावर संपूर्ण ओळख मागणं या कसोटीला उतरतं. वसतिगृहाच्या प्रवेशासाठी आजोबांच्या रजिस्टरची झेरॉक्स वर्षानुवर्षं कपाटात ठेवणं उतरत नाही.

न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये जो मसुदा दिला, त्यात जात आणि जमात यांना संवेदनशील माहितीचा दर्जा होता. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा असा वेगळा वर्गच उरला नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनं लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. कायद्यात माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि मिटवून घेण्याचा हक्क आहे. सार्वजनिक साखळीवर एकदा गेलेली माहिती मात्र मिटत नाही. या दोन्हींचा मेळ घालण्याचा एकच मार्ग आहे: वैयक्तिक माहिती साखळीवर जाऊच द्यायची नाही.

केंद्राच्या कायद्यात जातीला ते संरक्षण नसेल, तर महाराष्ट्राने ते स्वतःच्या शासन निर्णयात द्यावं. पुढच्या कोणत्याही उपविभागाने, मग तो वर्ध्याचा असो की एटापल्लीचा, दाखले साखळीला जोडण्यापूर्वी चार गोष्टी लेखी ठरलेल्या असाव्यात. साखळीवर फक्त शेंड्याचा ठसा जाईल. प्रत्येक दाखल्यात सॉल्ट असेल. रद्द दाखल्यांची यादी पडताळणाऱ्याची चौकशी नोंदवून ठेवणार नाही. आणि प्रवर्ग पुरतो तिथे जात मागण्याची मुभा कोणत्याही संस्थेला नसेल. तंत्र तयार आहे, गणित चाळीस वर्षांपूर्वी सुटलेलं आहे. हे चार नियम लिहायला मात्र मंत्रालयातलं एक टेबल आणि एक सही लागते, आणि ती सही प्रवेशाच्या पुढच्या हंगामाआधी व्हायला हवी.